फोनची दोन टोकं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजच्या चित्रपट मंडळात जगातल्या विषमतेवरचा एखादा सिनेमा दाखवायचा आहे. कुणीतरी ‘बॅबेल’ सुचवला. परीक्षणं चाळली तर एक जण महान म्हणतो, दुसरा ढोंगी म्हणतो, तिसऱ्याला तो सव्वादोन तासांचा छळ वाटतो. साइटवरचे गुणांचे आकडे बघून गोंधळ आणखी वाढतो. गोल्डन ग्लोब मिळालेल्या सिनेमाबद्दल इतकी टोकाची मतं कशी? विषय मोठा असला की समीक्षक झुकतं माप देतात, की उलट जास्त कडक होतात? आणि यातल्या कुणाचं ऐकायचं?

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो. ज्या समीक्षकाला त्या सिनेमातल्या बंदुकीची किंमत आठवते, त्याचं ऐका. पाचशे दिरहम आणि एक बकरी. हे कोडं वाटेल, पण सगळं उत्तर या किमतीभोवतीच फिरणार आहे.

पंचवीसेक वर्षं परीक्षणं लिहितोय आणि त्याहून जास्त वर्षं फिल्म सोसायटीचे खेळ लावतोय. ‘बॅबेल’ मी वेगवेगळ्या गावांत सात-आठ वेळा तरी दाखवला असेन. मला तो सिनेमा पूर्ण आवडत नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

न पाहिलेल्यांसाठी कथा. टोकियोतला एक श्रीमंत माणूस मोरोक्कोत शिकारीला जातो आणि जाताना वाटाड्याला, हसनला, आपली रायफल भेट देतो. हसन ती शेजारच्या अब्दुल्लाला विकतो. कोल्ह्यांमुळे बकऱ्या जातात, म्हणून अब्दुल्लाला बंदूक हवी असते. हसन हजार सांगतो, सौदा पाचशे दिरहम आणि एका बकरीवर ठरतो. गोळी तीन किलोमीटर जाते असं विकणाऱ्याने सांगितलेलं असतं. ते खरं का हे बघायला अब्दुल्लाची दोन मुलं, अहमद आणि युसेफ, डोंगरावरून खाली चाललेल्या बसवर नेम धरतात. बसमधल्या अमेरिकन बाईला, सुझनला, गोळी लागते. तिची दोन लहान मुलं तिकडे सॅन दिएगोत अमेलिया नावाच्या मेक्सिकन बाईच्या ताब्यात आहेत. अमेलियाच्या मुलाचं लग्न आहे, बदली माणूस मिळत नाही, म्हणून ती पोरांना घेऊनच सीमा ओलांडते. परतताना सगळं बिघडतं. आणि टोकियोत त्या शिकाऱ्याची मूकबधिर मुलगी चिएको आईच्या आत्महत्येनंतर एकटी पडलेली आहे.

अलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितूचा हा सिनेमा मे 2006 मध्ये कान महोत्सवात आला आणि त्याला तिथे दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. पुढे ऑस्करची सात नामांकनं. त्यांतलं प्रत्यक्षात एकच हाती लागलं, गुस्ताव्हो सांताओलायाच्या संगीताचं. अडीच कोटी डॉलरमध्ये बनलेल्या सिनेमाने जगभरात साडेतेरा कोटींच्या आसपास कमावले आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश अमेरिकेबाहेर. म्हणजे पडलेला सिनेमा म्हणावा, असं काहीच नाही. तरीही समीक्षक भांडले.

तुम्ही ज्या आकड्यांकडे बघून गोंधळलात त्यांचं आधी बोलू, कारण दर वेळी हाच घोटाळा होतो. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या साइटवर ‘बॅबेल’ सत्तरच्या आसपास आहे. हे शंभरपैकी सत्तर गुण नव्हेत. शंभरातल्या साधारण सत्तर समीक्षकांना सिनेमा बरा किंवा त्याहून चांगला वाटला, एवढाच त्याचा अर्थ. ‘ठीक आहे, एकदा बघा’ म्हणणारा आणि ‘दशकातला सर्वोत्तम’ म्हणणारा, दोघांचंही मत तिथे एकच मोजलं जातं. मेटाक्रिटिक या दुसऱ्या साइटवर परीक्षणांना गुण देऊन सरासरी काढतात. तिथेही ‘बॅबेल’ जवळपास तेवढ्यावरच आहे. पण सरासरी सत्तर दोन तऱ्हांनी येते. सगळ्यांनी सत्तर दिले तरी सत्तर, अर्ध्यांनी शंभर आणि अर्ध्यांनी चाळीस दिले तरी सत्तर. ‘बॅबेल’ दुसऱ्या जातीचा आहे. असे सिनेमे मंडळात दाखवायला उत्तम. खेळानंतर लोक खुर्च्या आवरायला मदत करत नाहीत, भांडत बसतात.

आता भांडण कशावरून, ते बघू.

सगळ्यात मोठा आक्षेप योगायोगाचा. एक बंदूक तीन खंड जोडते, हे पटायचं कसं? आदल्याच वर्षीच्या ‘क्रॅश’ला मार्च 2006 मध्ये ऑस्कर मिळालं होतं. तोही असाच गुंफलेल्या गोष्टींचा. एकमेकांना न ओळखणारी माणसं, एक अपघात, सगळ्यांचे धागे एकात. अभ्यासक याला जाळ्याचं कथानक म्हणतात. डेव्हिड बॉर्डवेलने त्यावर बरंच लिहिलंय. 2006 च्या शरद ऋतूत समीक्षकांना या बांधणीचा चक्क कंटाळा आलेला होता. खुद्द इन्यारितूचे आधीचे दोन सिनेमे, ‘आमोरेस पेरॉस’ आणि ‘21 ग्रॅम्स’, याच साच्यातले आणि तिन्हींचा पटकथाकार एकच, गिलेर्मो अरियागा. हा सिनेमा आणखी कुणी केला असता तर इतकी नाकं मुरडली गेली नसती, असं मला वाटतं. पुढे दिग्दर्शक आणि पटकथाकार यांचं श्रेयावरून जाहीर फाटलं आणि इन्यारितूचा पुढचा सिनेमा, ‘ब्यूटिफुल’, एका माणसाची सरळ गोष्ट सांगणारा निघाला. समीक्षकांची कुरकुर त्याच्याही कानावर गेली असावी.

योगायोगाचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. आपण लहानपणापासून महाभारत ऐकलेली माणसं. अर्जुनाने जळणाऱ्या वनात कुणाला वाचवलं, कुणाला नाही, त्याचं फळ पर्वांनंतर भलत्याच माणसाच्या अंगावर येतं आणि आपल्याला ते खटकत नाही. शिवाय बंदुका खरोखरच असा प्रवास करतात. टोकियोतला धागा ओढून-ताणून जोडलेला आहे, हा त्याचाच पोटआक्षेप मात्र रास्त आहे. चिएकोची गोष्ट अख्खी काढून टाकली तरी मोरोक्को आणि मेक्सिकोचं काही अडत नाही. गंमत म्हणजे बहुतेकांना, आक्षेप घेणाऱ्यांनाही, तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. नाइटक्लबमधला प्रसंग बघा. दणदणाट चालू आहे, दिव्यांचे झोत लुकलुकताहेत आणि कॅमेरा चिएकोजवळ गेला की आवाज पार नाहीसा होतो. पुन्हा दणदणाट, पुन्हा शांतता. याच प्रसंगामुळे एप्रिल 2007 मध्ये जपानमध्ये काही प्रेक्षकांना मळमळ आणि चक्कर आली आणि वितरकाला तशी सूचना लावावी लागली. तुमच्या सभागृहात कुणाला फिट येण्याचा त्रास असेल तर खेळाआधी तुम्हीही सांगा. मी सांगतो.

दुसरा आक्षेप दुःखाच्या अतिरेकाचा. एवढी संकटं एकाच सिनेमात कोंबायची गरज होती का? हा आक्षेप रुचीचा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या ए. ओ. स्कॉटने मात्र याच मुद्द्यावरून नेमकं काहीतरी म्हटलं. सिनेमाचं नाव ज्यावरून आलं त्या बायबलातल्या बाबेलच्या बुरुजाशीच, जो बांधताना देवाने माणसांच्या भाषा वेगळ्या केल्या, त्याने सिनेमाची तुलना केली. अवाढव्य, अर्धवट राहिलेला, वेडेपणाचा आणि तरीही समोर उभा असलेला, नाकारता न येणारा. स्तुती आणि टीका एकाच वाक्यात. उलट टोकाला अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट. आजारपणामुळे सिनेमा आला तेव्हा त्याला लिहिता आलं नव्हतं. 2007 मध्ये परत आल्यावर त्याने ‘बॅबेल’ला चारपैकी चार तारे दिले आणि आपल्या थोर सिनेमांच्या मालिकेत बसवलं. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा की यात कुणी खलनायक नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर वागायला जातो आणि समोरच्याची भाषा, रीत, जग न कळल्यामुळे घात होतो.

इथे माझं आणि ईबर्टचं फाटतं. आणि माझ्या मते खरं भांडणही इथेच आहे.

गैरसमजामुळे घात होतो हे खरं. पण एकाच गैरसमजाची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. शेवटी कोण कुठे उरतं, ते मांडून बघा. सुझनला गावातला जनावरांचा डॉक्टर टाके घालतो, मग दोन सरकारांची ओढाताण चालते, हेलिकॉप्टर येतं, ती वाचते. नवरा रिचर्ड कोसळतो, पण बायको-मुलं हाती लागतात. चिएकोचा बाप सुखरूप आहे, बाल्कनीत मुलीला जवळ घेतो. आणि अहमद पोलिसांच्या गोळीने डोंगरावर पडतो. हसनला त्याच्या म्हाताऱ्या बायकोदेखत मारहाण होते. अमेलियाला, सोळा वर्षं अमेरिकेत राबलेल्या बाईला, परत पाठवतात. रिचर्ड तक्रार करणार नाही, एवढी ‘मेहेरबानी’ अधिकारी तिला सांगतो. ती मुलांचं विचारते तर म्हणतो, तो तुमचा विषय नाही.

बंदूक ज्याने दिली त्याला चौकशीपलीकडे काही नाही. बकरी दिली त्याचा मुलगा गेला.

समीक्षकांचे दोन तट इथे पडतात. एक तट म्हणतो की हीच सिनेमाची भेदक बाजू आहे. तो आपल्याला जगाचा हिशेब जसाच्या तसा दाखवतो. दुसरा तट म्हणतो की नाही, सिनेमा स्वतःच हा हिशेब चालवतो. अमेरिकन जोडप्यासाठी आपल्याला रडवतो, त्यांना वाचवतो आणि गरिबांना त्या रडण्याची किंमत म्हणून वापरून घेतो. दोघं एकाच पडद्याबद्दल बोलतात आणि दोघांकडे पुरावा आहे. तुम्ही वाचलेल्या परीक्षणांतला ‘महान’ आणि ‘ढोंग’ हा फरक बहुतेक याच फटीतून आलेला असणार.

मी स्वतः कुठे उभा आहे ते एका प्रसंगावरून सांगतो. सिनेमाच्या सुरुवातीला सॅन दिएगोच्या घरात फोन वाजतो. अमेलिया घेते. पलीकडून रिचर्ड बोलतो, ती पोराच्या हातात फोन देते. आपण तिच्या बाजूला आहोत, पलीकडे काय चाललंय आपल्याला ठाऊक नाही. सिनेमाच्या अगदी शेवटाकडे तोच फोन आपण दुसऱ्या टोकाकडून ऐकतो. हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून रिचर्ड उभा आहे, मुलगा शाळेतली काहीतरी गंमत सांगतोय आणि तो तोंडावर हात धरून रडतोय. प्रेक्षागृहात या ठिकाणी हमखास नाकं ओढल्याचा आवाज येतो. माझंही भरून येतं, खोटं कशाला सांगू.

पण आणखी एक फोन आहे. रिचर्ड अमेलियाला सांगतो की कुणी आलेलं नाही, तूच थांब. मुलाचं लग्न रद्द कर, मी नंतर याहून चांगल्या लग्नाचे पैसे देईन. बिचारा वाईट माणूस नाही. बायको मरणाच्या दारात आहे. पण हे वाक्य तो बोलतो आणि सगळी गोष्ट तिथे घडते. या फोनचं दुसरं टोक आपण पाहतो: स्वयंपाकघरात उभी, लग्नासाठी नटायची तयारी केलेली बाई. सिनेमाने हे पाहिलंय. म्हणून मी त्याला ढोंगी म्हणायला तयार नाही. तरी शेवटचा अश्रू कुणासाठी राखून ठेवला, तर रिचर्डसाठी. म्हणून थोर म्हणायलाही तयार नाही.

छायालेखनाबद्दल दोन शब्द, कारण परीक्षणांत त्यावर फार कमी येतं. रॉद्रिगो प्रिएतोने मोरोक्कोसाठी 16 मिलिमीटरची फिल्म वापरली, मेक्सिकोसाठी 35 आणि टोकियोसाठी रुंद चित्र टिपणारी ॲनामॉर्फिक भिंगं. मोरोक्कोचा दाणेदारपणा, टोकियोतली पार्श्वभूमी विरघळल्यासारखी दिसणं, हे त्यामुळे. चांगल्या पडद्यावर फरक स्पष्ट कळतो. मोबाइलवर बघितलात तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

आता तुमचा मधला प्रश्न. विषय मोठा असला की समीक्षक सौम्य होतात का? माझा अनुभव असा की समीक्षक विषयाला नव्हे, चेहऱ्याला भुलतात. आमच्या रसास्वाद वर्गात एक साधा खेळ घेतो. ‘बॅबेल’ची पाच-सहा परीक्षणं मुलांना वाटायची आणि पेन्सिल देऊन सांगायचं की पात्रांची आणि नटांची नावं किती वेळा आली ते मोजा. ब्रॅड पिट आणि केट ब्लँचेट यांची मोजता मोजता पेन्सिल झिजते. आद्रियाना बाराझा आणि रिंको किकुची यांनाही जागा मिळते, दोघींना नामांकनं होती. पण डोंगरावरच्या त्या पोरांचं काम कुणी केलं? दोघंही व्यावसायिक नट नव्हेत आणि सगळा डोलारा त्यांच्या नजरेवर उभा आहे. आम्ही वाटलेल्या बहुतेक परीक्षणांत ती ‘मेंढपाळाची दोन मुलं’ एवढीच असतात. ती बकऱ्या राखतात, हेही कुणी धड बघितलेलं नसतं. विषमतेवरच्या सिनेमाची दखल घेतानाच ही वाटणी होते. त्यात लबाडी नाही, सवय आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या परीक्षणात युसेफचं नाव नाही. परवा काढून बघितलं.

म्हणून मी म्हणतो, बंदुकीच्या किमतीतली बकरी आठवणारा समीक्षक शोधा. एकदा सोलापूरकडच्या एका कॉलेजात खेळानंतर एक मुलगा उठला. जागतिकीकरण वगैरे बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, “सर, त्यानं बकरी काढून दिली तेव्हा कळपातली धडधाकट बकरी दिली. आमच्यात असं कुणी देत नाही, लंगडी असली तर ती देतात. म्हणजे त्याला बंदूक फारच हवी होती.” मला आजवर हे सुचलेलं नव्हतं. त्या बकरीची तब्येत मी कधी पाहिलीच नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे. तुम्हाला एकच सिनेमा दाखवायचा असेल तर मी ‘बॅबेल’ सुचवणार नाही. त्याच वर्षी, त्याच कान महोत्सवात, स्पर्धेबाहेर एक दुसरा सिनेमा दाखवला गेला: अब्देररहमान सिसाकोचा ‘बामाको’. सिसाको मॉरिटानियात जन्मला, मालीत वाढला, मॉस्कोत सिनेमा शिकला. बामाको ही मालीची राजधानी. तिथल्या एका घराच्या अंगणात खटला चालू आहे. फिर्यादी आफ्रिकेतला सामान्य समाज, आरोपी जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. आरोप हा की कर्जाच्या अटींनी शाळा, दवाखाने, रेल्वे यांची वाट लावली. न्यायाधीश आणि वकील खरेखुरे, आपापले युक्तिवाद घेऊन आलेले. साक्षीदारांत मालीच्या माजी सांस्कृतिक मंत्री अमिनाता त्राओरे आहेत. आणि ते अंगण सिसाकोच्या वडिलांच्या घराचं, जिथे तो लहानाचा मोठा झाला.

गंमत अशी की खटल्यामुळे अंगणातलं काही थांबत नाही. बाया कापड रंगवताहेत. खोलीत एक आजारी माणूस पडून आहे. मेले नावाची गायिका कामावर निघालीय आणि झग्याच्या मागच्या नाड्या बांधायला भर कोर्टातून कुणालातरी हाक मारते. मधेच वरात येते, कामकाज थांबतं. भिंतीपलीकडे कर्ण्यावर खटला ऐकणारी माणसं कंटाळतात. गोऱ्या साहेबांनी दिलेलं कर्ज आणि झग्याची नाडी, दोन्ही एकाच चौकटीत.

‘बामाको’ला आकड्यांत ‘बॅबेल’पेक्षा जास्त गुण आहेत, पण परीक्षणांची संख्या फारच कमी. हेही लक्षात घ्या: लहान सिनेमाचं परीक्षण करायला तोच जातो ज्याला तो बघायचाच असतो. त्यामुळे त्याचा आकडा थोडा फुगतो. आक्षेप त्याच्यावरही झाले आणि ते बरे होते. एक, भाषणं फार. दोन, बँकेच्या वकिलाला बोलू दिलंय खरं, पण पारडं सुरुवातीपासून झुकलेलं आहे. तीन, मधेच घरातली माणसं टीव्हीवर एक काउबॉय सिनेमा बघतात, डॅनी ग्लोव्हर घोड्यावर, टिंबक्टूमध्ये गोळीबार. हे काय मधेच? काहींना हा भाग विनोदी वाटला, काहींना भरकटलेला. मला तो सिनेमातला सगळ्यात हुशार तुकडा वाटतो. पाहुणे येऊन गावात गोळ्या घालतात, त्यांत काळेही आहेत, गोरेही आहेत आणि अंगणातली पोरं मजेत बघत बसतात. भाषणांबद्दलचा आक्षेप मात्र मान्य. पहिल्या अर्ध्या तासात तुमच्या मागच्या दोन रांगा मोबाइल काढणार, हे गृहीत धरा.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा सिनेमा परका वाटत नाही, याला एक कारण आहे. 1985 मध्ये सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. लोकांच्या लढ्यानंतर बँकेलाच स्वतंत्र समिती नेमावी लागली, 1992 मध्ये मोर्स समितीचा अहवाल आला आणि मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीचं नाव तेव्हा जगभर गेलं. शहाद्याकडच्या एका विद्यार्थिनीने ‘बामाको’ संपल्यावर एवढंच विचारलं, “निकाल का दाखवला नाही?” फिर्यादीचा वकील बँकेला मानवतेची कायमची सेवा करायची शिक्षा द्या म्हणतो, पण निकाल येत नाही, हे खरं. मी काहीतरी कलात्मक उत्तर दिलं. तिच्या चेहऱ्यावर ते पटल्याचं दिसलं नाही आणि तिचं बरोबर होतं.

आणखी एक. इथल्या प्रेक्षकाला ‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा आठवेल, कुणीतरी तुलना काढेलच. काढू द्या. पण ‘कोर्ट’मधली न्यायव्यवस्था खरी असते आणि लोकशाहिराला गिळते. ‘बामाको’त न्यायव्यवस्थाच कल्पनेतली आहे. असं कोर्ट जगात कुठेच नाही, म्हणून अंगणात मांडलंय. चर्चा या फरकावर नेलीत तर तासभर सहज जाईल.

आपल्याकडे 2009 च्या सुरुवातीला ‘स्लमडॉग मिलेनियर’वरून केवढं रान उठलं होतं, ते तुमच्या विद्यार्थ्यांना माहीत नसेल. त्या भांडणाचा सूर होता, परदेशी माणसाने आमची गरिबी विकली. म्हणजे वाद अब्रूचा होता. झोपडपट्टीतल्या पोराला सिनेमात किती बोलू दिलं, हे तेव्हा फार थोड्यांनी विचारलं. ‘बामाको’ दाखवलात तर अब्रूचा प्रश्न येणारच नाही, कारण तिथे कुणी कुणाची गरिबी दाखवायला आलेलं नाही. घरचीच माणसं घरच्या अंगणात बोलताहेत.

दोन्ही दाखवायची सोय असेल तर क्रम असा ठेवा: आधी ‘बॅबेल’, आठवड्याने ‘बामाको’. उलटा क्रम एकदा करून बघितला, ‘बॅबेल’चा पार निकाल लागला. मुलांना तो जाहिरातीसारखा वाटायला लागला आणि त्या सिनेमावर तो अन्याय होता. मधल्या आठवड्यात दोन परीक्षणं वाचायला द्या, एक वाहवा करणारं आणि एक झोडपणारं, आणि तो नावं मोजायचा खेळ घ्या. ताऱ्यांची संख्या कापून टाकून द्या. तारे दिसले की पोरं मजकूर वाचत नाहीत.

आणि ‘बामाको’च्या दिवशी प्रोजेक्टर चालवणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. त्यात झेगे बाम्बा नावाचा एक म्हातारा शेतकरी आहे. सुरुवातीलाच तो साक्षीच्या जागी जाऊन उभा राहतो, त्याला सांगतात, तुझी पाळी आली नाही, बस. मग कितीतरी वेळ मंत्री, प्राध्यापक, वकील बोलतात. एक माजी शिक्षक येतो, नाव सांगतो आणि एक शब्दही न बोलता जातो. शेवटाकडे झेगे बाम्बा न बोलावता उठतो आणि गाऊ लागतो. गाणं की आक्रोश की फिर्याद, आपल्याला कळत नाही, कारण सिसाकोने तिथे भाषांतर दिलेलंच नाही. अंगणातले रंगारी थबकतात, न्यायाधीश ऐकत राहतात. पहिल्यांदा आम्ही हा सिनेमा लावला तेव्हा आमच्या ऑपरेटरने नेमका इथे खेळ थांबवला, दिवे लावले आणि मला खिडकीतून ओरडून सांगितलं, “सर, सबटायटल गेली, फाइल खराब आहे!” आम्ही दहा मिनिटं दुसरी फाइल शोधत होतो. शोधताना एक म्हातारे सभासद म्हणाले, “अहो, लावा ना तसंच. कळतंय की.”

तेव्हा ऑपरेटरला सांगून ठेवा. तिथे थांबवायचं नाही.